कादंबरीला विकिपीडियावर स्वतंत्र पान असावे की नसावे, हे कशावरून ठरवायचे?

कुळागर (प्रश्न)

नमस्कार. मराठी विकिपीडियावर मी गेली दोन वर्षे अधूनमधून लिहिते. आतापर्यंत गोव्यातील गावे, तळी आणि देवस्थाने यांच्या पानांवरील शुद्धलेखन सुधारणे आणि जमेल तिथे संदर्भ जोडणे एवढेच माझे काम होते. आता एका कादंबरीचे पान तयार करावे असे मनात आहे, पण ते करावे की नाही याचा निर्णय मला एकटीला घेता येत नाही.

कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. लेखक फोंडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते आणि ते माझे सख्खे मामा. हे नाते लपवून सल्ला मागणे बरोबर नव्हे, म्हणून ते आधीच सांगते. पुस्तकाचे नाव मात्र मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की बोलणे त्यांच्या आठवणींकडे वळेल आणि मला समजून घ्यायचा आहे तो निकष. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहिलेल्या एका मुंडकार कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ही कथा आहे. ती पोर्तुगीज अमदानीत सुरू होते आणि १९७५ चा मुंडकार कायदा येतो तिथे थांबते. निवेदन मराठीत असले तरी पात्रे एकमेकांशी कोकणीतच बोलतात, आणि त्या काळात असे लिहिणे धाडसाचे होते असे मला वाटते.

मामांनी पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले. पुढे आवृत्ती निघाली नाही. माझ्याकडे आज जे आहे ते असे: एका गोमंतकीय दैनिकाच्या रविवार पुरवणीतील परीक्षणाचे कात्रण, ज्यावर ना तारीख आहे ना परीक्षकाचे नाव, कारण वरचा भाग फाटला आहे, पुस्तकालाच जोडलेली एका जाणत्या समीक्षकाची बारा पानांची प्रस्तावना, मलपृष्ठावरचे दोन अभिप्राय, आणि गावच्या वाचनालयाने दिलेले मानपत्र. याशिवाय घरात ऐकलेल्या तीन गोष्टी आहेत. ही कादंबरी काही वर्षे बी. ए. च्या अभ्यासक्रमात होती, तिच्यावर कुणीतरी पीएच. डी. च्या प्रबंधात लिहिले आहे, आणि तिच्यावर बेतलेले नाटक गावच्या जत्रेत दोनदा झाले.

मी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, कच्चा मसुदा केला आहे. त्यात सात परिच्छेद कथानक आहे आणि सुरुवातीला ‘गोव्यातील मुंडकारांच्या जीवनावरील पहिली मराठी कादंबरी’ असे वाक्य आहे. विकिपीडियावर दोन ओळींची, एकही संदर्भ नसलेली पुस्तकांची पाने मी पाहिली आहेत. ती चालतात, तर हे का चालू नये, असे एक मन म्हणते. दुसरे मन म्हणते की ते पान उद्या काढून टाकले गेले, तर मामांचा मान राखण्याऐवजी मी तो घालवला असे होईल. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

शोधक_तिसवाडी

नाते आधीच सांगितलेत, ही उत्तम गोष्ट केलीत. हेच वाक्य आपल्या सदस्यपानावरही लिहावे आणि लेख थेट मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष लेखांच्या विभागात, न टाकता धूळपाटीवर ठेवून दुसऱ्या कुणाला तो तपासायला सांगावा. नातेवाइकाने लिहू नये असा नियम नाही. पण जवळच्या माणसाविषयी लिहिताना कोणते विशेषण कुठे शिरले, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आता मूळ प्रश्न. कादंबरी चांगली आहे की नाही, हे विकिपीडिया विचारत नाही. लेखकाशी, प्रकाशनाशी आणि विक्रीशी संबंध नसलेल्या माणसांनी त्या कादंबरीविषयी, तपशिलात शिरून, कुठेतरी छापील किंवा विश्वासार्ह माध्यमात लिहिले आहे का, एवढेच तो विचारतो. हे रुक्ष वाटेल, पण त्यामागचे कारण साधे आहे. विश्वकोशात लिहिणाऱ्याने स्वतःचे मत मांडायचे नसते, इतरांनी तपासून मांडलेले सांगायचे असते. इतरांनी काहीच लिहिले नसेल, तर आपल्या हाती कथानक तेवढे उरते, आणि केवळ कथानक सांगणारे पान हा विश्वकोशातील लेख होत नाही.

इंग्रजी विकिपीडियाने पुस्तकांसाठी जे निकष लिहून ठेवले आहेत, त्यांत पाच वाटा आहेत आणि त्यांपैकी कोणतीही एक पुरते. पहिली वाट म्हणजे पुस्तकावर किमान दोन स्वतंत्र, भरीव लेखन. मोठा वाङ्मयीन पुरस्कार ही दुसरी. एखाद्या महत्त्वाच्या चित्रपटाला, कलाप्रकाराला किंवा राजकीय वा धार्मिक चळवळीला त्या पुस्तकाने मोठा हातभार लावला असे विश्वासार्ह लेखनात नोंदलेले असणे ही तिसरी. दोन किंवा अधिक शिक्षणसंस्थांत ते पुस्तक अभ्यासाचा विषय असणे ही चौथी. पाचवी वाट क्वचितच कामी येते: लेखकच इतका ऐतिहासिक महत्त्वाचा असणे की त्याने लिहिलेले कोणतेही पुस्तक दखलपात्र, म्हणजे स्वतंत्र पानास योग्य, मानावे. प्रत्येक भाषेतील विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो, त्यामुळे हे निकष मराठीवर जसेच्या तसे बंधनकारक नाहीत. तरी चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या चर्चापानावर, चर्चा होते तेव्हा बहुधा याच धर्तीवर बोलले जाते, म्हणून आपला पुरावा या मापाने मोजून पाहू.

प्रस्तावना बाद. ती कितीही मोठ्या समीक्षकाची असो, पुस्तकाचाच भाग असलेले लेखन पुस्तकापासून स्वतंत्र नसते. मलपृष्ठावरचे अभिप्रायही त्याच न्यायाने बाद, कारण ते पुस्तक वाचकाच्या हाती पडावे म्हणून मागवलेले असतात. गावच्या वाचनालयाचे मानपत्र घरी जपून ठेवावे, पण इथे त्याचा उपयोग नाही. स्वखर्चाने छापलेले पुस्तक आपोआप अपात्र ठरत नाही, हेही सांगतो. मराठीत कितीतरी चांगल्या लेखकांनी पदरमोड करून पुस्तके काढली आहेत. त्यामुळे फरक एवढाच पडतो की प्रकाशकाने निवड केली, हा आधार आपल्याला उरत नाही आणि बाहेरच्या लेखनावरच सगळा भार येतो.

परीक्षणाचे कात्रण मात्र मोलाचे आहे. ते किती लांब आहे, त्यात कथानक सांगण्यापलीकडे मूल्यमापन आहे का, आणि लिहिणारा कोण, हे तीन प्रश्न त्याला विचारावे लागतील. इथे मराठी नियतकालिकांची एक पद्धत लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे ‘साभार पोच’ नावाचे सदर असते. आलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या, किंमत आणि फार तर एक ओळ, एवढेच त्यात येते. त्याखालोखाल ‘स्वागत’ किंवा ‘नवी पुस्तके’ अशा मथळ्याखाली चार-पाच ओळींचा परिचय येतो, आणि प्रकाशन समारंभाची बातमी येते, जिच्यात पाहुणे काय म्हणाले ते असते पण पुस्तकात काय आहे ते नसते. यांपैकी कशालाही भरीव लेखन म्हणता येत नाही. उलट, एखाद्याने दीड-दोन स्तंभ भरून पात्ररचना, भाषा, शेवट यांविषयी लिहिले असेल, अगदी कडक टीका केली असेल, तरी ते पूर्ण धरले जाते. प्रतिकूल परीक्षणानेही दखलपात्रता सिद्ध होते, हे पुष्कळांना पटत नाही, पण ते खरे आहे.

पुरस्कारांविषयी, आपल्याकडे तसा पुरस्कार नसला तरी, थोडे लिहितो, कारण गोव्यात याबाबत नेहमी गोंधळ होतो. पुरस्कार पुस्तकाला मिळाला की लेखकाला, हे आधी पाहावे. दामोदर मावजो यांच्या ‘कार्मेलीन’ या कोकणी कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि महाबळेश्वर सैल यांच्या ‘हावठण’ला २०१६ चा सरस्वती सन्मान. हे दोन्ही त्या त्या पुस्तकाला दिलेले पुरस्कार आहेत, त्यामुळे या कादंबऱ्यांच्या स्वतंत्र पानांविषयी वाद संभवत नाही. पुढे मावजो यांना ज्ञानपीठ मिळाले. तो पुरस्कार पूर्वी एका ग्रंथासाठी दिला जाई, जसा १९७४ चा वि. स. खांडेकरांना ‘ययाति’साठी मिळाला. परंतु १९८२ पासून तो लेखकाच्या एकूण साहित्यसेवेसाठी दिला जातो. म्हणून ज्ञानपीठाच्या बळावर लेखकाचे पान निर्विवाद उभे राहते, पण त्याच्या प्रत्येक कादंबरीचे पान केवळ तेवढ्यावरून उभे राहत नाही. बा. भ. बोरकरांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सासाय’ या कोकणी काव्यसंग्रहाला आहे. बोरकरांनी ‘भावीण’सारखी मराठी कादंबरीही लिहिली, पण तिचे पान करायचे तर ‘सासाय’चा पुरस्कार तिथे पुरावा म्हणून आणता येणार नाही, ‘भावीण’वर कुणी काय लिहिले, तेच शोधावे लागेल.

आपल्या मसुद्यातील ‘पहिली’ हा शब्द आजच काढावा. आपल्याला तसे वाटते एवढ्यावर ते वाक्य राहू शकत नाही. एखाद्या वाङ्मयेतिहासकाराने तसे म्हटले असेल, तर त्याच्या नावाने लिहावे. आणि दोन ओळींची बिनसंदर्भ पाने आहेत म्हणून आपलेही चालेल, हा युक्तिवाद चर्चेत टिकत नाही. त्या पानांकडे अजून कुणाचे लक्ष गेलेले नाही, इतकाच त्यांचा अर्थ आहे.

अध्यापिका_फोंडा

वरील विवेचन बहुतांशी मान्य आहे. तरीही गोव्यातील मराठी साहित्य ज्या परिस्थितीत लिहिले गेले, ती बाजूला ठेवून हे माप लावले तर अन्याय होईल, असे मला तीव्रतेने वाटते. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. ‘गोमन्तक’ दैनिक १९६२ मध्ये सुरू झाले आणि ‘नवप्रभा’ १९७० मध्ये. म्हणजे १९७९ साली आपल्या मामांची कादंबरी आली तेव्हा गोव्यात मराठी पुस्तकांची परीक्षणे छापू शकतील अशी रोजची पाने जेमतेम एक-दोन दशकांची होती. पुण्या-मुंबईच्या मासिकांत पोहोचायला लेखकाला प्रत पाठवावी लागे आणि ती तिथल्या ढिगात पडून राही. अशा लेखकाकडे दोन भरीव परीक्षणे मागणे आणि पुण्यातल्या लेखकाकडे तीच मागणे, यांत समानता नाही.

म्हणून निकष सैल करा, असे मी म्हणणार नाही. सैल केला तर प्रत्येक गावातला प्रत्येक कवितासंग्रह आत येईल आणि वाचकाचा त्या कोशावरचा विश्वास जाईल. पण शोध कुठे घ्यायचा याची कक्षा मात्र रुंदावलीच पाहिजे. संगणकावर नाव टाकून काही दिसले नाही, म्हणून ‘स्रोत नाहीत’ असा शेरा मारणे ही गोव्यातील जुन्या पुस्तकांच्या बाबतीत निव्वळ चूक आहे. १९७९ ते १९९० या काळातले आपले लेखन कागदावर आहे. नियमही असे सांगतो की स्रोत अस्तित्वात असला पाहिजे. तो आंतरजालावर असलाच पाहिजे असे नाही, आणि तो मराठीतच हवा असेही नाही. कोकणी, इंग्रजी, पोर्तुगीज यांतले लेखनही धरले जाते. संवाद कोकणीत असलेल्या मराठी कादंबरीविषयी कोकणी नियतकालिकांत काही आले असण्याचा संभव अधिक आहे, तेही अवश्य पाहावे.

अभ्यासक्रमाच्या गोष्टीबद्दल. गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ ची. त्यापूर्वी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. त्यामुळे मामांची कादंबरी १९८५ पूर्वी बी. ए. ला लागलेली असेल तर ती मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात शोधावी लागेल, नंतर असेल तर गोवा विद्यापीठाच्या. घरात ‘गोव्यातल्या कॉलेजात होती’ असे म्हटले जाते, तेव्हा बहुतेकदा तीन वेगळ्या शक्यता एकात मिसळलेल्या असतात: विद्यापीठाने नेमलेले पुस्तक, पूरक वाचनाच्या यादीतील पुस्तक, आणि एखाद्या हौशी प्राध्यापकाने वर्गात वाचून दाखवलेले पुस्तक. पहिल्यालाच वजन आहे. त्यातही एक प्रश्न आहे, ज्याचे सरळ उत्तर मला कुठे मिळालेले नाही. एका विद्यापीठाने नेमलेले पुस्तक त्याच्या सर्व संलग्न महाविद्यालयांत शिकवले जाते, तर ती एक संस्था मोजायची की अनेक? माझ्या मते एकच, कारण निवड एकाच अभ्यासमंडळाने केलेली असते. पण याविरुद्ध मत असणारे सदस्य आहेत आणि त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण शिकवणारे आणि त्यावर विचार करणारे शिक्षक तर वेगवेगळेच असतात.

प्रबंधाविषयी. पीएच. डी. चा प्रबंध स्रोत म्हणून चालतो, कारण परीक्षकांनी तो तपासलेला असतो. एम. ए. च्या लघुप्रबंधाला तेवढा आधार नाही. मात्र कादंबरीचे नाव प्रबंधाच्या परिशिष्टातील सूचीत आहे, की तिच्यावर सलग विवेचन आहे, हे पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नका. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध चाळायला मिळतात आणि अलीकडचे पुष्कळसे ‘शोधगंगा’ या संग्रहात वाचता येतात. मी स्वतः मार्गदर्शन केलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही नुसत्या सूच्यांनी भरलेली प्रकरणे पाहिली आहेत, म्हणून हा इशारा कळकळीने देते.

जुनी_पाने

ग्रंथालयात नोकरी केली आहे, त्यामुळे शोध कसा घ्यावा एवढ्यापुरतेच लिहितो.

पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जावे. ही संस्था १८३२ सालची आहे आणि गोव्याविषयीच्या छापील साहित्यासाठी पहिली खेप तिथेच घालावी. आपल्या कात्रणाला तारीख नसली तरी ती काढता येते. कात्रण उलटे करून पाहा. मागच्या बाजूला जाहिरात, सिनेमाचे वेळापत्रक, निविदा किंवा बातमीचा तुकडा असतोच. त्यावरून महिना, निदान वर्ष कळते. मग त्या वर्षाच्या रविवारच्या अंकांची फाईल मागवावी. ५२ अंक चाळायला एक दिवस पुरतो. संदर्भ देताना दैनिकाचे नाव, तारीख, पान क्रमांक आणि परीक्षणाचे शीर्षक पूर्ण द्यावे, म्हणजे दुसऱ्या कुणाला तेच पान काढून पाहता येईल. घरातल्या कात्रणाचे छायाचित्र हा संदर्भ नव्हे.

पुस्तक ग्रंथालयात आहे म्हणून ते दखलपात्र, असेही समजू नये. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. त्यामुळे सूचीतील नोंद पुस्तक छापले गेले एवढेच सांगते. आयएसबीएन क्रमांकाचेही तेच आहे. तो अर्ज केल्यावर कोणालाही मिळतो.

मुखपृष्ठाचे चित्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त वापराच्या चित्रसंग्रहावर चढवू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर प्रताधिकार असतो, आणि मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराचा हक्क आणखी वेगळा. कॉमन्सवर असे चित्र काढून टाकले जाते.

कुळागर

तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवडे लागले, पण बरेच हाती आले आहे, आणि जे आले त्याने माझाच अंदाज उलटा केला, म्हणून सविस्तर कळवते.

कात्रणाच्या मागे सिनेमाची जाहिरात होती. त्यावरून १९८० चा पूर्वार्ध ठरला आणि पाटोच्या ग्रंथालयात दुसऱ्याच दिवशी पूर्ण पान सापडले. परीक्षण दोन स्तंभांचे आहे. मुंडकाराच्या म्हातारीचे पात्र लेखकाने भाबडे न करता हिशेबी का केले, यावर त्यात फार सुंदर लिहिले आहे. पण वरचा फाटलेला भाग पाहिला आणि मी बसून राहिले. परीक्षण लिहिणारे गृहस्थ तेच, ज्यांची पुस्तकाला प्रस्तावना आहे. प्रस्तावनेतील तीन परिच्छेद शब्दशः परीक्षणात आले आहेत. त्या काळी यात कुणाला काही वावगे वाटले नसावे, आणि त्यांनी ते प्रेमानेच केले असणार. तरीही याला स्वतंत्र लेखन म्हणता येत नाही, हे मला शोधक यांनी समजावल्यानंतर नाकारता येईना.

पुण्याच्या एका मासिकात मामांच्या पुस्तकाची नोंद सापडली. ती साभार पोच निघाली.

अभ्यासक्रमाची गोष्ट अशी झाली. मामांच्या एका विद्यार्थ्याकडे जुनी छापील पुस्तिका होती. तिच्यात कादंबरी आहे, पण पूरक वाचनाच्या यादीत, आणि तीही एकाच वर्षासाठी. जत्रेतील नाटकाविषयी छापील काहीच मिळाले नाही. नाटक ज्यांनी बसवले त्यांच्यापैकी एक जण हयात आहेत आणि त्यांनी मला संवाद पाठ म्हणून दाखवले. ते ऐकताना मला रडू आले, परंतु ते लेखात घालता येणार नाही, एवढे आता कळते.

प्रबंध मात्र खरा निघाला. गोमंतकीय मराठी कादंबरीतील ग्रामजीवनावरचा तो पीएच. डी. चा प्रबंध आहे आणि मामांच्या कादंबरीवर त्यात सलग अकरा पाने आहेत. संशोधकाचा आमच्या कुटुंबाशी काहीही संबंध नाही. कोकणी संवादांमुळे निवेदक आणि पात्रे यांच्यात जे अंतर पडते, त्याचे विवेचन आहे आणि कादंबरीचा शेवट कायद्यावर सोपवून लेखकाने घाई केली, अशी स्पष्ट टीकाही आहे. ‘पहिली’ असे संशोधकाने कुठेही म्हटलेले नाही. ते वाक्य मी मसुद्यातून काढले.

म्हणजे हिशेब असा की एक भरीव स्वतंत्र स्रोत आहे, दुसरा नाही. आता काय करावे?

शोधक_तिसवाडी

आपण केलेले काम मी चावडीवर नव्या सदस्यांना दाखवणार आहे, आपली हरकत नसेल तर. आपल्याच बाजूचा पुरावा आपणच बाद करणे सोपे नसते.

माझे मत असे की कादंबरीचे स्वतंत्र पान आज करू नये. प्रबंधातील अकरा पाने एकटीच आहेत, आणि लेख एकाच माणसाच्या मतावर उभा राहिला तर तो त्याच्या प्रकरणाचा सारांश होईल. पण सापडलेली माहिती वाया घालवण्याचेही कारण नाही. लेखकाच्या पानात कादंबरीसाठी एक विभाग करावा. त्यात प्रकाशनवर्ष, चार-पाच ओळींत कथानक, प्रबंधातील विवेचनाचा गाभा, टीकेसकट, इतके पुरे. कादंबरीच्या नावावरून त्या विभागाकडे पुनर्निर्देशन ठेवावे, म्हणजे ते नाव शोधणारा वाचक आपोआप तिथे पोहोचेल. उद्या दुसरा स्रोत मिळाला की त्याच पुनर्निर्देशनाचे पान होते; आधीचे लेखन आणि त्याचा इतिहास तिथेच राहतो.

परीक्षणही पूर्णपणे टाकून देऊ नका. दखलपात्रता ठरवताना ते मोजता येत नाही, पण विभागात ‘प्रस्तावनाकारांनीच पुढे लिहिलेल्या परीक्षणात’ असे स्पष्ट सांगून त्यातील मत देता येते. स्रोत कशासाठी वापरतो, त्यावर त्याची योग्यता ठरते.

अध्यापिका_फोंडा

एक अडचण राहते. लेखकाच्या पानालाही तोच निकष लागू आहे. मामांच्या निधनानंतर वृत्तपत्रांत आलेले मृत्युलेख, शिक्षक म्हणून किंवा इतर लेखनासाठी झालेली दखल, वाङ्मयेतिहासातील नोंद, हे सारे एकत्र केले तर लेखकाचे पान उभे राहील का, हे आधी पाहा. माणसाविषयी दखल अनेक ठिकाणी विखुरलेली असते, म्हणून पुस्तकापेक्षा लेखकाचे पान बहुतेक वेळा लवकर सिद्ध होते. तेही न जमल्यास गोमंतकीय मराठी कादंबरीविषयीच्या सर्वसाधारण लेखात, प्रबंधाच्या आधाराने, दोन-तीन वाक्ये निश्चितच येऊ शकतात. त्या लेखात मराठीसोबत १८६६ च्या ‘ओस ब्रामानेस’ या फ्रान्सिस्कु लुईश गोमिश यांच्या पोर्तुगीज कादंबरीपासूनचा गोव्याचा कादंबरीव्यवहार थोडक्यात यावा, असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटते. तो लेख आपण दोघी मिळून लिहू शकतो.

कुळागर

मृत्युलेख दोन आहेत, १९९४ चे, वेगवेगळ्या दैनिकांतले, आणि त्यांपैकी एक बराच मोठा आहे. त्यातला मजकूर आमच्या घरून दिलेला होता की दैनिकाने स्वतः लिहिला, ते मामींना विचारून सांगते. अध्यापिका ताई, सर्वसाधारण लेखाचे काम मला आवडेल. प्रबंधाची पूर्ण संदर्भसूची मी उतरवून आणली आहे. तिच्यातील १९६१ नंतरच्या कादंबऱ्या वेगळ्या काढून रविवारपर्यंत धूळपाटीवर ठेवते.